दुखणं थांबलं

तेगवेनच्या पायातली कळ थांबली तेव्हा ब्लाएनकुमच्या शेतघरात सगळ्यांनाच हायसं वाटलं. नाताळपासून ती कण्हत होती. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायातून पोटरीपर्यंत उतरायची आणि ती हातातलं टाकून भिंत धरायची. अशा वेळी तिचा नवरा गेथिन तिनं टाकलेली बादली उचलायचा. आमच्या वेल्सच्या डोंगरात नवरे एवढंच करतात, आणि बायका त्यावर समाधान मानतात.

मेंढ्या विण्याचे दिवस ऐन भरात होते. आठवडाभर गारठ्याचा पाऊस, मधूनच बर्फाचा चिखल. वर डोंगरावर एकही मेंढी ठेवता येत नव्हती. सगळा कळप शेडमध्ये दाटीवाटीनं उभा होता, आणि नवराबायको आळीपाळीनं तिथं राबत होती. अशा एका सकाळी तेगवेन उठली तर कळ नव्हती.

"गेली!" ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली.

"काय गेलं?" सासऱ्यानं विचारलं. मेरियन म्हातारा झाला होता, खुबा झिजला होता आणि दोन काठ्यांवर चालत होता. पण मेंढ्यांचा हिशेब अजून त्याच्याच डोक्यात असायचा.

"कळ गेली, ताद." सासऱ्याला ती ताद म्हणे. आमच्याकडे बापाला तसंच म्हणतात.

"मग मेंढीसारखंच की तुझं. आपली पडली, आपली उठली. बस, चहा घे."

ती बसली. बसायच्या जागी जरा बधिर वाटत होतं, पण दिवसभर गारठलेल्या क्वाड बाईकच्या सीटवर आणि पेंढ्याच्या ओल्या गठ्ठ्यांवर बसून दुसरं काय होणार? लघवीलाही हल्ली फारसं उठावं लागत नव्हतं, आणि ही तर तिला सोयच वाटली. विण्याच्या दिवसांत बाईमाणसाचे त्यातच हाल असतात. रेनकोट काढा, वरची पँट काढा, आतली लोकरीची काढा, चिखल तुडवत घरापर्यंत जा, आणि तेवढ्यात एखादी मेंढी पाणमोट फोडून मोकळी. म्हणून आमच्या बाया या दिवसांत चहासुद्धा अर्धा कप पितात. तेगवेन तर गेथिनला हसत म्हणालीही, "यंदा देवानंच सोय केलीय बघ."

त्याच आठवड्यात गुरुवारी तिला गावातल्या दवाखान्यात लोवरी प्यूची वेळ मिळालेली होती.

पूर्वी पाठ धरली की चिठ्ठी मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरकडे जायची आणि माणूस वर्षभर वाट बघत राहायचं. आता मधे लोवरी आली होती. होती फिजिओच, पण वरचं बरंच शिकलेली. ती तपासायची, एमआरआय लिहून द्यायची, सांध्यात इंजेक्शन द्यायची, आणि खरोखर कुणाला ऑपरेशन लागणार ते ठरवून तेवढ्यांनाच पुढे धाडायची. मेंढ्यांच्या बाजारात यावर फार बडबड झाली. डॉक्टर मागितला तर व्यायामाची बाई गळ्यात मारली, असं लोक म्हणत. म्हणत, आणि तिच्याकडेच जात.

"बरं वाटतंय, तर कशाला जायचं?" तेगवेन म्हणाली. "इकडे शेड भरलंय."

"मला विचार," मेरियन म्हणाला. "खुब्याच्या रांगेत उभा आहे मी. मिळालेली वेळ कुणी सोडतं का? जा, व्यायामाचा कागद घे आणि ये. येताना आयोडीन आण, कोकरांच्या नाळेला लावायला उरलं नाही."

म्हणून ती गेली. आयोडीनसाठी गेली म्हटलं तरी चालेल.

लोवरी पलीकडच्या खोऱ्यातली, तिच्या बापाच्याही मेंढ्या होत्या. तिचे हात तेगवेनच्या हातांसारखेच भेगाळलेले होते. "बसा तेगवेन. तुमच्याकडे विण्याच्या किती उरल्या?" असं विचारत ती हसली.

"अर्ध्याच्या वर उरल्यात. पण मी तुमचा वेळ खाणार नाही. कळ थांबलीय माझी."

लोवरीचं हसू तिथंच राहिलं, पण डोळे बदलले. "कधीपासून?"

"रविवारपासून. चॅपेलमध्ये अख्खी प्रार्थना सरळ बसून ऐकली."

"सरळ बसलात? की बसल्याचं कळतच नव्हतं?"

तेगवेन हसायला गेली आणि मधेच थांबली. या पोरीला हे कुणी सांगितलं, असं तिला वाटलं.

लोवरीनं तिला उभं केलं. उजव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. राहिली. मग डाव्या. टाच उचललीच जाईना.

"उचलतेय की मी," तेगवेन म्हणाली.

"नाही उचलली, तेगवेन. खाली बघा."

तिनं बघितलं. टाच फरशीला चिकटलेली होती. आपलाच पाय आपल्याशी खोटं बोलत होता.

"आता मी काही विचारणार आहे. लाजू नका. मी रोज विचारते," लोवरी म्हणाली. "आज लघवीला कधी गेला होतात?"

"आज?" तेगवेन आठवू लागली. "आज नाही बहुतेक. काल दुपारी गेले होते. थोडी झाली, जोर करून." मग तिला राहवलं नाही. "मेंढीचं नाक दाबतो तसं दाबून बघा माझं."

पोटुशी मेंढी मलूल झाली की तिची लघवी तपासावी लागते, आणि क्षणभर नाकपुड्या दाबल्या की मेंढी हमखास मुतते. हे मेंढपाळाच्या घरातल्या लोवरीला सांगायला नको होतं. एरवी ती खदखदून हसली असती. आज ती हसली नाही, आणि तेगवेनला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

"लागल्याचं कळतं? पोट भरल्यासारखं?"

"नाही."

"पुसताना कळतं?"

तेगवेननं मान खाली घातली. नाही कळत, हे तिला आत्ता, विचारल्यावर कळलं.

लोवरीनं नर्सला सोबतीला बोलावलं, पडदा ओढला. तेगवेन कुशीवर झोपली. लोकरीची पँट खाली केली तेव्हा तिला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या होत्या, आणि सगळ्या खोलीला मेंढीचा वास सुटला. लाजेनं तिचे कान तापले. नर्सनं तिचा हात धरला.

"ही टोकदार काडी आहे. आधी गालाला लावते. टोचलं?"

"हो."

"मांडीला?"

"हो."

मग लोवरी मागून वाकली.

"आता सांगा, टोचतंय?"

"लावा की आधी."

"लावलीय, तेगवेन. टोचतेय मी."

तेगवेननं भिंतीकडे बघत डोळे मिटले. नर्सनं हात जास्त घट्ट धरला.

कपडे सारखे केल्यावर लोवरी खुर्ची ओढून अगदी समोर बसली. तिचा आवाज शांत होता, पण फार सांभाळून शांत ठेवलेला. "मणक्याच्या तळाशी नसांचा एक झुपका असतो. पायांच्या, लघवीच्या, संडासच्या नसा सगळ्या तिथंच. तुमच्या मणक्यातली गादी सरकून त्यावर बसलीय, असं मला वाटतं. कळ थांबली ती बरी झाली म्हणून नाही. नस चेपून गप्प झाली म्हणून."

"मग गोळ्या द्या."

"गोळी नाही याला. ऑपरेशन. आज."

"आज कसं? उद्या सकाळी जाते. आज सात-आठ मेंढ्या विण्याला टेकल्यात."

"उद्या नाही." लोवरीनं तिचे दोन्ही हात धरले. "नीट ऐका. आज झालं तर वाचायची आशा आहे. उशीर झाला तर आयुष्यभर नळी घालून लघवी करावी लागेल. संडासही आवरणार नाही. नवरा जवळ आला तरी काही कळणार नाही. चाळिशीच्या आहात तुम्ही."

इतकं उघडं तिला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. तिनं घरी फोन लावला. वाजत राहिला. गेथिन शेडमध्ये असणार, तिथं मोबाईलला रेंज नाही, आणि मेरियन खुर्चीतून उठेपर्यंत फोन थांबतो हे तिला माहीतच होतं.

"अॅम्ब्युलन्सला संध्याकाळ होईल म्हणतायत," लोवरी म्हणाली. "आमच्या नर्सला सोडायला सांगते. घरी जायचं नाही, गाडी चालवायची नाही, काही खायचं नाही. मी मणक्याच्या डॉक्टरांशी बोलून येते. इथंच बसा."

ती शेजारच्या खोलीत गेली. दाराआडून तिचं बोलणं ऐकू येत होतं. "नाही, सकाळच्या यादीत नकोय मला, आज हवंय," असं ती कुणालातरी बजावत होती. तेगवेन एकटी बसली होती, आणि तिला एकच वाटत होतं. गेथिन हवा. परक्या नर्सच्या गाडीतून, त्याला न सांगता, सीमेपलीकडे इंग्लंडमधल्या त्या मोठ्या इस्पितळात तिला जायचं नव्हतं. ती भेदरली होती, आणि भेदरलेलं जनावर घराकडेच पळतं. ती उठली आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

गाडी तिनं आयुष्यभर चालवली होती. आज क्लच दाबला की नाही ते तिला खाली वाकून बघावं लागत होतं. दर वळणावर बूट पेडलवर आहे ना ते बघायचं, मग वर बघायचं, तोवर कुंपण अंगावर आलेलं असायचं. ती मोठमोठ्यानं "देवा, देवा" म्हणत होती. आयोडीन आणायचं राहिलं हेही तिला मधेच आठवलं, आणि त्याचं वाईट वाटलं. माणसाचं डोकं अशा वेळी काय धरून बसेल सांगता येत नाही.

शेडमध्ये गेथिन गुडघ्यावर होता. पुढ्यात पहिलटकरीण मेंढी आडवी पडली होती, जीभ बाहेर. त्याचा हात मनगटापर्यंत रक्तानं माखला होता.

"आलीस? सुटलो बाई!" तो म्हणाला. "पाय पुढे आलेत, डोकं मागे वळलंय. माझा पंजा आत जाईना. मेंढी मरेल गं."

"गेथिन, मला सांगायचंय काहीतरी. लोवरी म्हणाली..."

"सांग, सांग मग. आधी हिला बघ. एवढी एकच."

त्या खोऱ्यात तेगवेनचे हात प्रसिद्ध होते. लहान, सडसडीत. शेजारचे शेतकरीसुद्धा अडलेल्या मेंढीसाठी तिला बोलावून न्यायचे. मेंढी कण्हली, आणि तेगवेनचे हात तिनं थांब म्हटलं तरी थांबेनात. ती गुडघ्यावर बसली, बाही वर केली, बोटांना तेल लावलं आणि आत हात घातला. कोकराचे पाय लागले. छातीवर तळवा ठेवून तिनं त्याला मागे रेटलं, तसं कमरेत काहीतरी सरकल्यासारखं झालं. दुखलं मात्र नाही. दुखलं नाही म्हणूनच तिला दरदरून घाम फुटला. पण बोटं तोवर कोकराच्या जबड्यापर्यंत पोचली होती, आणि आता सोडलं तर दोन्ही जीव जाणार होते. तिनं जबडा धरला, डोकं वळवून पुढे आणलं. "ओढ," ती म्हणाली. गेथिननं पाय ओढले आणि कोकरू पेंढ्यावर घसरलं. गेथिननं त्याचं तोंड पुसलं, मूठभर पेंढ्यानं अंग चोळलं. ते शिंकलं.

"जगलं!" गेथिन हसत म्हणाला. "तुझ्यासारखी तूच."

तेगवेनच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी ऊन लागलं. मेंढीचं पाणी असेल, असं तिला वाटलं. मग ते पोटरीवरून बुटात उतरलं. मेंढी तर पुढे होती. तिनं मागे हात लावून बघितला. ते तिचंच होतं. कुठून सुटलं, कधी सुटलं, काही कळलं नव्हतं. गुडघ्याला लागलं तेव्हा कुठं समजलं.

"गेथिन," ती म्हणाली, "मला उठता येत नाही."

त्यानं वर बघितलं. तिचा चेहरा बघून त्याच्या हातातला पेंढा गळला.

तेवढ्यात अंगणातून मेरियनच्या हाका आल्या. दोन काठ्यांवर, डोक्यावर टोपी नाही, घरातल्याच सपाता, चिखलातून तो येत होता. हिवाळाभरात तो अंगण ओलांडून आला नव्हता.

"गेथिन! अरे गेथिन! लोवरीचा फोन आहे. विचारलं, तेगवेन आहे का तिथं? मी म्हटलं गाडी तर आलीय. तर माझ्यावर ओरडली रे ती! ती पोर कधी ओरडत नाही." तो फाटकाला धरून धापा टाकू लागला. "म्हणाली शब्द न शब्द सांगा. हिला मागच्या सीटवर आडवी घाल, आणि आत्ताच्या आत्ता नीघ. डॉक्टर थांबलेत. पाणीसुद्धा द्यायचं नाही."

"पण झालंय काय?"

"तुझ्या बायकोचं खालचं अंग जाईल, ते झालंय! उचल तिला!"

"आणि ह्या मेंढ्या, ताद?"

"मरू देत मेंढ्या," म्हातारा म्हणाला. त्याच्या तोंडून हे वाक्य निघेल असं त्या घरात कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. गेथिन घाबरला तो ते ऐकूनच.

त्यानं तिला उचललं. मागच्या सीटवर कोकरांचं पांघरूण पसरलेलं होतं, त्यावर तिला आडवं केलं. तिची पँट ओली होती आणि तिला ती बदलायची होती. त्यानं बदलू दिली नाही. घाट उतरताना गारा पडत होत्या. तो आरशातून सारखा मागे बघत होता.

"दुखतंय?"

"नाही."

"पाय हलव."

"कुठला?"

"दोन्ही हलव. हलवतेस ना?"

"पुढे बघून चालव, गेथिन."

घाट उतरून त्यानं गाडी सपाट रस्त्याला लावली. मग म्हणाला, "आल्या आल्या का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की."

त्यानं गियर बदलला. पण आरशात त्याचे डोळे तिला दिसले, आणि आपण हे बोलायला नको होतं असं तिला लगेच वाटलं.

इस्पितळाच्या दारात त्यांना काही सांगावं लागलं नाही. नर्सला नाव ठाऊक होतं, ढकलगाडी तयार होती. लोवरीनं सगळं आधीच कळवलं होतं: टाच, काडी, लघवी. यंत्रात घालून फोटो काढला. गादी फुटून नसांवर पसरली होती. अंधार पडायच्या आत तेगवेनला ऑपरेशनला नेलं. रक्तानं माखलेल्या बाहीचा गेथिन व्हरांड्यात उभा होता, आणि येणारे जाणारे त्याला जखमी समजत होते. डॉक्टर बाहेर आल्यावर त्यानं एकच विचारलं.

"तासभर आधी आलो असतो तर फरक पडला असता?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. माणूस चांगला होता. पण गेथिनला त्या उत्तरानं झोप लागली नाही, पुढेही बरेच दिवस लागली नाही.

शनिवारी लोवरी आली, सुट्टीच्या दिवशी एवढं लांब गाडी हाकत. तेगवेनच्या पायात बरीच ताकद आली होती, टाच उचलत होती. लघवीची नळी अजून होती.

"मी फोनसाठी बाहेर जायलाच नको होतं," लोवरी म्हणाली. "दार उघडून बोलायला हवं होतं. सारखं तेच डोक्यात येतं."

"दार उघडं ठेवलं असतंत तरी मी खिडकीतून गेले असते. आमच्या ब्लाएनकुमचं डोकंच तसलं." तेगवेन हसली. मग हळूच म्हणाली, "खालची जाणीव येईल का परत?"

"काहींना येते. महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. काहींना नाही येत." लोवरीचे डोळे भरले होते, पण तिनं नजर वळवली नाही. "तुमचं मला माहीत नाही, तेगवेन. खोटं सांगणार नाही. उद्या नळी काढतील. आपोआप लघवी झाली तर ती पहिली चांगली खूण."

रविवारी सकाळी नळी काढली. पाणी पाजलं, आणि दुपारी नर्सनं तिला संडासात बसवून दार लोटलं. आतली कडी तेगवेननं स्वतः लावली. बाहेर गेथिन उभा होता. सकाळी तो मेंढ्या बघून आला होता. म्हाताऱ्यानं आणि शेजाऱ्यानं मिळून सांभाळल्या होत्या, मेल्या फारशा नाहीत. हे सगळं तो दाराला तोंड लावून सांगत होता, कारण गप्प उभं राहणं त्याला जमत नव्हतं.

"ती पहिलटकरीण चांगली पाजतेय. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"झाली का गं?"

"थांब ना."

तेगवेन पुढे वाकली. पोटावर हात दाबला, नर्सनं दाखवलं होतं तसा. भीतीनं तिचे हात गार पडले होते. काही होत नव्हतं. नळाला धरून ती नुसती बसून राहिली. आणि मग पाण्याचा आवाज आला. आधी तिला वाटलं नळच गळतोय. तिनं नळ बघितला, तो कोरडा होता. मग तिनं खाली बघितलं.

"आली!" ती ओरडली. "गेथिन, आली!"

दारावर काहीतरी आपटलं. त्याचं कपाळ असावं. तो रडत होता, मोठा पुरुष ओरडून रडतो तसा, आणि मधे मधे बोलत होता. "मला वाटलं... मी म्हटलं ना तुला, एवढी एकच बघ... मला वाटलं माझ्यामुळे..."

"गप रे. सगळा वॉर्ड ऐकतोय."

"ऐकू दे!"

तेगवेन तशीच बसून होती. आवाज थांबला, त्यावरून तिला संपल्याचं कळलं. तिनं कागद घेतला, पुसलं, आणि कागद ओला झालाय का ते बघितलं, कारण बघितल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नव्हता. बाहेर गेथिन आता नर्सला सांगत होता, झाली, तिची तिला झाली, आणि नर्सही हसत होती.

अजून काहीच जाणवत नाही, हे त्याला सांगायचंच, असं तिनं ठरवलं. पण आज नको, मेंढ्या विऊन झाल्यावर सांगू. मग तिनं तोंड धुतलं आणि कडी काढली.